टीकिंटरमध्ये बिनचौकटीची, तरीही टास्कबारवर टिकणारी विंडो

पायथन शिकणाऱ्याला टीकिंटरची, म्हणजे विंडो आणि बटणे तयार करण्याच्या पायथनमधील साधनाची, ओळख झाली, चार बटणे आणि दोन रकाने जमू लागले, की थोड्याच दिवसांत आपल्या प्रोग्रॅमच्या डोक्यावरची ठरावीक शीर्षकपट्टी खटकू लागते. आपण निवडलेले रंग एकीकडे आणि विंडोजने दिलेली चौकट दुसरीकडे, असे काहीतरी ते दिसते. शोधाशोध केली की एका ओळीचा उपाय सापडतो, तो पहिल्याच फटक्यात चालतो, आणि प्रोग्रॅम एकदम नीटनेटका दिसू लागतो. त्याच ओळीने टास्कबारवरचे बटणही गेलेले असते, पण ते बहुधा पुष्कळ उशिरा लक्षात येते.

वक्तृत्वाच्या सरावासाठी मी एक लहानसे घड्याळ तयार केले होते: सात मिनिटांपासून उलटे मोजणारे, गडद निळ्या पार्श्वभूमीचे, बिनचौकटीचे. एका मैत्रिणीने ते आपल्या लॅपटॉपवर घेतले, सराव सुरू केला आणि मधेच एक संदर्भ पाहण्यासाठी ब्राउझर उघडला. ब्राउझरने सगळी स्क्रीन व्यापली आणि घड्याळ त्याच्या मागे गेले. टास्कबारवर त्याचे बटण नव्हते, आल्ट-टॅब दाबून फिरणाऱ्या यादीतही ते नव्हते. प्रोग्रॅम बंद पडला असेल असे समजून तिने तो पुन्हा सुरू केला. संध्याकाळी टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तेव्हा त्या घड्याळाच्या चार प्रती एकाच वेळी मोजत बसल्या होत्या. तिची काहीच चूक नव्हती, कारण मागे गेलेली विंडो पुढे आणण्याच्या ज्या दोन वाटा सगळ्यांना ठाऊक असतात, त्या दोन्ही माझ्या प्रोग्रॅमने बंद केल्या होत्या.

या लेखात विंडोज १० किंवा ११ आणि पायथन ३ गृहीत धरले आहे. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही, कारण टीकिंटर आणि सीटाइप्स (विंडोजची स्वतःची फंक्शने पायथनमधून बोलवण्याचे साधन) हे दोन्ही विंडोजवरच्या नेहमीच्या पायथनबरोबरच येतात. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी स्पेलिंगने लिहावीत, विन्फो-आयडीसारख्या नावातील जोडरेघेच्या जागी अंडरस्कोर द्यावा आणि आकडेही इंग्रजीच वापरावेत.

ती एक ओळ नेमके काय सांगते

सर्वत्र सुचवली जाणारी आज्ञा म्हणजे मुख्य विंडोवर, म्हणजे रूटवर, चालवायची ओव्हरराइडरिडायरेक्ट. ओव्हरराइड आणि रिडायरेक्ट हे दोन शब्द जागा न सोडता, सगळी लहान अक्षरे वापरून जोडायचे आणि कंसात ट्रू लिहायचे. या नावात चौकट, कडा किंवा शीर्षक यांचा उल्लेखही नाही, आणि सगळ्या गैरसमजाचे मूळ तेथेच आहे.

हे नाव युनिक्सच्या जगातील एक्स विंडो सिस्टिममधून आले. १९८७ साली आलेल्या तिच्या अकराव्या आवृत्तीत विंडो मॅनेजर हा एक स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. कोणतीही विंडो पडद्यावर यायला निघाली की तिची विनंती आधी या मॅनेजरकडे वळवली जाते. तो तिला चौकट लावतो, जागा ठरवून देतो, आपल्या यादीत तिची नोंद घेतो आणि मगच ती दिसते. हे वळवणे म्हणजे रिडायरेक्ट, आणि ते टाळून थेट पडद्यावर जाण्याची मुभा म्हणजे ओव्हरराइड. क्षणभर उघडून मिटणारे मेनू आणि माउस थांबवल्यावर दिसणाऱ्या सूचनेच्या चिठ्ठ्या यांच्यासाठी ही सोय होती, कारण अशा चिठ्ठीला ना चौकट हवी असते, ना यादीत नोंद.

म्हणजेच आपण ‘माझी चौकट काढ’ असे सांगत आहोत असे समजतो, प्रत्यक्षात मात्र ‘मला विंडोंमध्ये मोजूच नका’ असे सांगत असतो. चौकट जाते ती या मोठ्या निर्णयाबरोबर. टीकिंटरच्या आत विंडो प्रत्यक्ष उभी करणारे साधन म्हणजे टीके, आणि विंडोजवर टीकेने हाच अर्थ पाळला आहे. तेथे ही आज्ञा मिळताच टीके त्या विंडोला टूलविंडो नावाची खूण लावतो, आणि ही खूण असलेली विंडो टास्कबारवर किंवा आल्ट-टॅबच्या यादीत घ्यायची नाही, असा विंडोजचा नियम आहे. त्यामुळे बटण नाहीसे होणे हा बिघाड नाही. आपण जे मागितले तेच मिळाले आहे. हे एकदा मनात पक्के झाले की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो: नको असलेली खूण पुसायची, हवी असलेली लावायची, आणि चौकटीबरोबर गेलेल्या कामाच्या गोष्टी एकेक करून परत आणायच्या.

आधी साधी विंडो उभी करा

सुरुवात नेहमीच्या चौकटीनेच करावी. रूट तयार करा, जॉमेट्री या आज्ञेने तिला आकार द्या (माझ्या घड्याळाचा ३६० गुणिले १४० होता), आणि टायटल या आज्ञेने तिला नाव द्या. शीर्षकपट्टी काढायचीच आहे म्हणून नाव देणे पुष्कळ जण टाळतात. टास्कबारवरच्या बटणाला आणि आल्ट-टॅबच्या यादीला हेच नाव लागते. ते दिले नाही, तर तेथे नुसते ‘टीके’ दिसते. आयकॉन द्यायचा असेल, तर आयकनबिटमॅप या आज्ञेला आयसीओ प्रकारच्या फायलीचा पत्ता द्यावा.

यानंतर वरच्या बाजूला साधारण ३० पिक्सेल उंचीची एक फ्रेम ठेवा. ही आपली स्वतःची शीर्षकपट्टी. तिच्यात डावीकडे नावाचे लेबल, उजवीकडे विंडो खाली बसवण्याचे आणि बंद करण्याचे अशी दोन बटणे ठेवा. बंद करण्याच्या बटणाला रूटची डिस्ट्रॉय ही आज्ञा जोडा आणि ते बटण चालते याची खात्री चौकट असतानाच करून घ्या. चौकट गेल्यावर ते चालले नाही, तर प्रोग्रॅम थांबवायला टास्क मॅनेजरपर्यंत जावे लागते.

सगळे जागेवर आले की ओव्हरराइडरिडायरेक्टची ओळ घाला आणि प्रोग्रॅम चालवा. चौकट गेलेली दिसेल, टास्कबारही रिकामा दिसेल. तो रिकामा टास्कबार एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावा, म्हणजे पुढची पायरी लागू पडली की नाही हे निश्चित कळते.

खूण पुसणे आणि खूण लावणे

विंडोजवरच्या प्रत्येक विंडोला एक ओळखक्रमांक असतो, त्याला हँडल म्हणतात. त्या हँडलपाशी विंडोच्या खुणांच्या दोन संख्या साठवलेल्या असतात: एक मूळ स्टाइल आणि दुसरी विस्तारित स्टाइल. आपले काम विस्तारित स्टाइलशी आहे. ही एकच संख्या असली, तरी तिच्यातील प्रत्येक बिट म्हणजे एकेका प्रश्नाचे होय किंवा नाही असे उत्तर असते. टूलविंडो या खुणेची किंमत १२८ आहे. हिच्या उलट काम करणारी, म्हणजे विंडो दिसत असताना तिला टास्कबारवर जागा द्यायला लावणारी, ॲपविंडो ही खूण आहे आणि तिची किंमत २६२१४४ आहे.

आता एक फंक्शन लिहा. त्याला ‘टास्कबारवर आण’ अशा अर्थाचे एखादे नाव द्या. फंक्शनची पहिली ओळ हँडल मिळवण्याची. रूटच्या विन्फो-आयडी या आज्ञेने एक क्रमांक मिळतो, पण तो आतल्या भागाचा असतो. टीके आपला मजकूर एका बाहेरच्या वेष्टनात ठेवतो आणि टास्कबारचा संबंध त्या वेष्टनाशी असतो. म्हणून मिळालेला क्रमांक सीटाइप्समधील विनडीएलएल, त्यातील युजर३२ (विंडोंची कामे करणाऱ्या विंडोजच्या फंक्शनांचा संच), त्यातील गेटपेरेंट या फंक्शनला द्यायचा आणि ते जे परत देईल ते आपले हँडल मानायचे. ही पायरी गाळली, तर कोणतीही चूक दाखवली जात नाही, नुसता परिणाम होत नाही. नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ बहुधा येथेच जातो.

दुसऱ्या ओळीत युजर३२मधील गेटविंडोलाँगडब्ल्यू या फंक्शनला हँडल आणि उणे २० हा आकडा द्या. उणे २० म्हणजे ‘विस्तारित स्टाइल हवी आहे’ एवढाच त्याचा अर्थ. तिसऱ्या ओळीत मिळालेल्या संख्येतून १२८ची खूण पुसा आणि चौथीत २६२१४४ची खूण लावा. हे बेरीज-वजाबाकीने करू नका. खूण आधीच पुसलेली असताना १२८ वजा केले, तर दुसऱ्याच बिटांची उलथापालथ होते आणि विंडोला भलत्याच खुणा लागतात. पुसण्यासाठी अँडचे चिन्ह आणि त्यापुढे टिल्डसह १२८, तर लावण्यासाठी ऑरची उभी रेघ आणि २६२१४४, अशीच रचना ठेवा. मग हे फंक्शन दहा वेळा चालले तरी उत्तर तेच राहते. पाचव्या ओळीत सेटविंडोलाँगडब्ल्यू या फंक्शनला हँडल, उणे २० आणि नवी संख्या देऊन ती परत साठवा.

इतके करूनही बटण दिसेलच असे नाही, कारण खुणा मनमानी वेळी तपासल्या जात नाहीत; विंडो पडद्यावर येते त्या वेळी त्या पाहिल्या जातात. म्हणून फंक्शनच्या शेवटी रूटची विथड्रॉ ही आज्ञा देऊन विंडो लपवा आणि लगेच आफ्टर या आज्ञेने १० मिलिसेकंदांनी डीआयकनिफाय, म्हणजे विंडो पुन्हा दाखवणारी आज्ञा, चालेल असे सांगा. विंडो एकदा मिटून उघडते, आणि त्या उघडण्याच्या क्षणी टास्कबार तिची नोंद घेतो.

हे फंक्शन केव्हा बोलवायचे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ते थेट बोलवले, तर बाहेरचे वेष्टन अजून तयारच झालेले नसते. म्हणून ओव्हरराइडरिडायरेक्टनंतर पुन्हा आफ्टरचीच मदत घ्या: १० मिलिसेकंदांनी हे फंक्शन चालवा असे सांगा आणि मग मेनलूप, म्हणजे प्रोग्रॅम चालू ठेवून घटनांची वाट पाहणारी आज्ञा, सुरू करा. आता प्रोग्रॅम चालवला की चौकट नसलेली विंडो आणि टास्कबारवर तिचे बटण, असे दोन्ही एकत्र दिसायला हवे.

हलवता येणे

शीर्षकपट्टीबरोबर विंडो ओढून हलवण्याची सोयही गेली आहे. ती परत आणायला आपल्या फ्रेमवर दोन घटना बांधा: माउसचे डावे बटण दाबले जाणे, आणि ते दाबलेले असताना माउस सरकणे. दाबल्याच्या क्षणी माउस पडद्यावर कोठे आहे (घटनेतील एक्स-रूट आणि वाय-रूट) आणि विंडो कोठे आहे (विन्फो-एक्स आणि विन्फो-वाय) यांतला फरक साठवून ठेवा. सरकताना प्रत्येक वेळी नव्या एक्स-रूट आणि वाय-रूटमधून तो फरक वजा करून विंडोची नवी जागा काढा आणि ती जॉमेट्रीला द्या. घटनेतील नुसते एक्स आणि वाय वापरले तर? नावाच्या लेबलवरही त्याच घटना बांधलेल्या असतील, तर ते आकडे लेबलच्या कोपऱ्यापासून मोजले जातात आणि ओढायला लागताच विंडो टुणकन बाजूला उडते.

जॉमेट्रीला नवी जागा देताना अधिकचे चिन्ह, एक्स, अधिकचे चिन्ह, वाय असा मजकूर तयार करावा लागतो. ज्याचा दुसरा मॉनिटर डावीकडे आहे, त्याच्याकडे एक्सची किंमत उणे १०० सुद्धा असू शकते. तेव्हा मजकूर ‘अधिक उणे १००’ असाच व्हायला हवा, आणि तो तसा चालतो. विचित्र दिसते म्हणून कोणी अधिकचे चिन्ह काढून टाकले, तर टीके उणे १००चा अर्थ ‘पडद्याच्या उजव्या कडेपासून १०० पिक्सेल’ असा घेतो आणि विंडो एकदम दुसऱ्या टोकाला जाते. एकाच मॉनिटरवर काम करणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही. म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

खाली बसवणे, आणि परत येताना बटण टिकवणे

या पायरीवर हातचे काही राखून न ठेवता वेळ द्यावा, कारण तयार केलेले बटण येथेच पुन्हा हरवते. मिनिमाइझच्या बटणाला सरळ आयकनिफाय जोडले, तर ओव्हरराइडरिडायरेक्टची खूण असताना विंडो खाली बसवता येत नाही, अशी चूक टीके दाखवतो. त्याचे म्हणणे रास्त आहे: जी विंडो मोजलीच जात नाही, ती खाली ठेवणार कोठे?

यातून वाट अशी काढावी. मिनिमाइझचे एक फंक्शन लिहा. त्यात प्रथम ओव्हरराइडरिडायरेक्टला फॉल्स द्या, म्हणजे विंडो क्षणभर साधी होते. मग आयकनिफाय करा. आणि एका चलात ‘विंडो खाली आहे’ अशी नोंद ठेवा. परत येण्यासाठी रूटवर मॅप ही घटना बांधा. विंडो पडद्यावर आली की ती घडते. त्या घटनेत ‘खाली आहे’ ही नोंद खरी असेल तरच पुढे जा: आधी नोंद खोटी करा, नंतर ओव्हरराइडरिडायरेक्टला पुन्हा ट्रू द्या, आणि मग १० मिलिसेकंदांनी आपले टास्कबारवर आणणारे फंक्शन चालवा. खाली जाताना मूळ शीर्षकपट्टी एक क्षण झळकून जाते. या पद्धतीत तेवढे चालवून घ्यावे लागते.

नोंद आधी खोटी करण्याला कारण आहे. आपले फंक्शन विंडो मिटून पुन्हा उघडते, म्हणजे मॅप ही घटना पुन्हा घडते. नोंद तशीच राहिली, तर एक चक्र सुरू होते आणि विंडो लुकलुकत राहते. शिवाय रूटवर बांधलेली मॅप ही घटना आतल्या प्रत्येक लेबलसाठी आणि बटणासाठीही घडते, म्हणून घटनेतील विजेट (ज्या घटकावर ती घडली तो) हे रूटच आहे ना, ते आधी तपासावे.

दुसरी गोष्ट हँडलची. ओव्हरराइडरिडायरेक्ट बदलला की टीके बाहेरचे वेष्टन नव्याने बांधतो, आणि नव्या वेष्टनाचे हँडल वेगळे असते. हँडल एकदाच मिळवून वर कोठेतरी साठवून ठेवण्याचा मोह होतो. तसे केले, तर पहिल्या खेपेला सगळे ठीक दिसते, मात्र विंडो एकदा खाली बसवून वर आणली की टास्कबारवरचे बटण गायब होते. खुणा जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या हँडलला लावल्या जात असतात आणि कोणीही तक्रार करत नाही. म्हणून हँडल दर वेळी फंक्शनच्या आतच नव्याने मिळवावे.

टास्कबारवरच्या बटणावर पुन्हा क्लिक केले की साधी विंडो खाली बसते. आपली बसत नाही, कारण त्यासाठी लागणारी मिनिमाइझबॉक्स ही खूण मूळ स्टाइलमध्ये उरलेली नसते. त्यामुळे आपल्या पट्टीवरचे मिनिमाइझचे बटण हाच खाली जाण्याचा एकमेव मार्ग आहे, आणि ते बटण ठळक दिसेल असेच ठेवावे.

आयकॉन आपलाच दिसावा म्हणून

विंडोला स्वतःचा आयकॉन दिला तरी टास्कबारवर पुष्कळदा पायथनचाच दिसतो. टास्कबार बटणांचे गट प्रोग्रॅमनुसार करतो, आणि त्याच्या दृष्टीने चालू असलेला प्रोग्रॅम पायथन असतो. विंडोज ७ पासून यावर उपाय आहे: सीटाइप्समधून शेल३२मधील सेटकरंटप्रोसेसएक्स्प्लिसिटॲपयुजरमॉडेलआयडी या लांबलचक नावाच्या फंक्शनला आपल्या प्रोग्रॅमची ओळख सांगणारा, मध्ये टिंबे असलेला एखादा मजकूर द्यायचा. ही ओळ रूट तयार होण्याच्या आधी आली पाहिजे. अक्षरे धूसर दिसत असतील, तर त्याच ठिकाणी एसएचकोरमधील सेटप्रोसेसडीपीआयअवेअरनेस या फंक्शनला १ द्यावा.

एक आडवाट, आणि दुसरी साधने

काही ठिकाणी वेगळीच युक्ती सुचवलेली असते: मुख्य विंडो पूर्ण पारदर्शक करून मागे लपवायची आणि तिच्यावर टॉपलेव्हलची, म्हणजे टीकिंटरमधील जादा विंडोची, एक बिनचौकटीची विंडो ठेवायची. टास्कबारवर बटण राहते, पण ते लपवलेल्या विंडोचे असते. बटणावर माउस नेल्यावर उघडणारे छोटे चित्रही त्या लपलेल्या विंडोचेच. दोन्ही विंडो एकत्र खाली बसवणे, वर आणणे, बंद करणे हे सगळे स्वतः जुळवावे लागते. मी ही वाट सुचवणार नाही.

सी-शार्पमध्ये विनफॉर्म्स वापरणाऱ्याचे काम पुष्कळ सोपे असते. तेथे फॉर्मबॉर्डरस्टाइल हा गुण नन केला, तरी शोइनटास्कबार हा गुण मुळातच ट्रू असल्याने बटण जात नाही. बटणावर क्लिक करून विंडो खाली बसावी यासाठी तेवढी क्रिएटपॅराम्समध्ये मूळ स्टाइलला मिनिमाइझबॉक्सची १३१०७२ ही खूण जोडावी लागते. इलेक्ट्रॉनमध्ये फ्रेम हा पर्याय फॉल्स केला तरी बटण टिकते. क्यूटीमध्ये फ्रेमलेसविंडोहिंट वापरावा, मात्र त्याच्या जोडीला टूल हा प्रकार देऊ नये, नाहीतर पुन्हा तीच टूलविंडोची गोष्ट.

लिनक्सवर हाच पायथन प्रोग्रॅम द्यायचा असेल, तर युजर३२ तेथे नाही, त्यामुळे वरचे फंक्शन चालणार नाही; आणि ओव्हरराइडरिडायरेक्ट तेथे आपल्या मूळ अर्थाने लागू होतो, म्हणजे विंडो मॅनेजर त्या विंडोकडे पाहतच नाही. म्हणून ओएस या मॉड्यूलमधील नेम हे ‘एनटी’ आहे का ते तपासावे, आणि ते असेल तेव्हाच चौकट काढावी. लिनक्सवर विंडो साध्या चौकटीसह राहू द्यावी.

प्रोग्रॅम कोणाला देण्याआधी त्याच्यावर दुसरी मोठी विंडो आणून तो झाकून टाका आणि टास्कबारवरच्या बटणाने परत वर आणा. आल्ट-टॅबनेही आणून पाहा. मग मिनिमाइझ करून वर आणा, आणि हे निदान तीन वेळा करा, कारण हँडलची चूक पहिल्या खेपेला कधीच दिसत नाही. शेवटी बंद करून टास्क मॅनेजर उघडा. तेथे त्याची एकही प्रत उरलेली नसावी.